सरांनी नापास केलेली मशीन

सरांबरोबर मी पहिल्यांदा जुनी फोर्कलिफ्ट बघायला गेले, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक विटलेली चादर काढली, गोदामाच्या फरशीवर अंथरली आणि तिच्यावर उताणे पडले. मशीन विकणारा माणूस घाबरला. मला म्हणाला, "मैडम, सर को चक्कर आया क्या?" मी पण घाबरलेच होते. नोकरीला लागून मला थोडेच दिवस झाले होते आणि सरांबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात सर सरपटत मशीनच्या खाली गेले आणि खालून त्यांचा आवाज आला, "मॅडम, लिहू नका, नुसतं ऐका. गिअरबॉक्समधून तेल टपकतंय. पुसून ठेवलंय, पण टपकतंय."

का लिहायचं नाही, ते मी नंतर विचारलं. म्हणाले, "कागद झाला की लोक कागद बघतात. मशीन कोणी बघत नाही."

बाहेर आल्यावर त्यांनी चादर झटकली, तिची नीट चौकोनी घडी घातली, पिशवीत ठेवली आणि विकणाऱ्याला एवढंच म्हणाले, "नहीं." मग चालायला लागले. तो बिचारा चहा मागवून बसला होता. चहा मी एकटीनं प्यायले, कारण सरांनी कपाकडे बघूनच मान हलवली होती.

इंदूरला सांवेर रोडवर आमचा सोयाबीनचा कारखाना. तेल निघतं आणि उरलेली ढेप पोत्यांत भरून बाहेर जाते. सर मेन्टेनन्सचे मुख्य होते आणि मी परचेजमध्ये. त्यांना सगळे सर म्हणायचे, सेठजीसुद्धा. आजोबा संस्थानाच्या नोकरीत, वडील मिलमध्ये कारकून आणि हे इंजिनिअर, असं ते घराणं. राहायला सुदामा नगरला. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बारीक टॉर्च. ती टॉर्च ते कुठंही काढायचे. छप्पन जणांची पंगत बसलेली असो की कोणाच्या घरी सत्यनारायण असो, सर कुठल्या तरी कोपऱ्यात वायरींवर उजेड मारून बघत असायचे.

पोह्याच्या गाडीवर इतर लोक आधी जिलबी गरम आहे का बघतात. सर आधी खाली वाकून सिलेंडरचा पाइप बघायचे. "भिया, ये पाइप कब बदला?" गाडीवाला हसायचा. मग सर तिथं न खाता पुढच्या गाडीवर जायचे, तिथला पाइपही तसाच असायचा, आणि शेवटी उपाशीच कारखान्यात यायचे. माझ्या लग्नात ते मांडवाचे खांब एकेक करून हलवून बघत होते. माझ्या सासऱ्यांना वाटलं हा मांडववाल्याचा माणूस आहे. त्यांनी सरांना बोलावून पंखा लावायला सांगितलं. सरांनी पंखा बघितला आणि म्हणाले, "हा लावू नका." आमचं सगळं वऱ्हाड घामानं भिजलं. तो पंखा कोणाच्या डोक्यात पडला असता की नसता, हे आता कोण सांगणार?

काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, मी एकदा हसत हसत विचारलं, "काकू, सर तुम्हाला बघायला आले तेव्हा काय म्हणाले हो?"

"नाही म्हणाले," काकू म्हणाल्या. त्या भाजी निवडत होत्या, मान पण वर केली नाही. "परत घरी जाऊन म्हणाले, मुलगी बोलताना एका डोळ्यानं जास्त बघते. माझ्या सासऱ्यांनी ऐकलंच नाही. म्हणाले, याचं काय घेऊन बसलात, हा सगळ्यालाच नाही म्हणतो. आणि तारीख काढून टाकली."

आतून सर म्हणाले, "बघते न पण."

"बघते तर बघते," काकू म्हणाल्या.

मी तेव्हा पोट धरून हसले होते. काकूही हसल्या. ही गोष्ट मी कारखान्यात सगळ्यांना सांगितली आणि सगळे हसले. सर म्हणजे आमच्याकडे एक प्रकारची करमणूकच होती. कोणी नवीन शर्ट घालून आला की म्हणायचा, "सर, पास की नापास?" सर कॉलरचे टाके बघायचे आणि खरोखर सांगायचे, "नापास."

त्यांचं चुकत नसे. अगदी बारीक खोट पण त्यांना दिसायची आणि ती असायचीच. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मोठी खोट आणि लहान खोट ते एकाच आवाजात सांगायचे. कॉलरचा टाका उसवलाय, हे ज्या आवाजात, त्याच आवाजात बॉयलरचा व्हॉल्व्ह अडकतोय. आवाज चढत नसे, बोट उगारलं जात नसे. त्यांच्या लेखी खोट म्हणजे खोट. ऐकणाऱ्यानं आपलं समजून घ्यावं.

ती पहिली मशीन नापास झाल्यावर इतकी वर्षं आमच्याकडे भाड्याचीच फोर्कलिफ्ट होती. समोर दोन लोखंडी काटे असलेली ती गाडी, पोत्यांची थप्पी काट्यांवर उचलायची आणि वर रचायची. तिच्या मालकानं ती एक दिवस परत नेली. सेठजी म्हणाले, आता भाडं नको, जुनी बघून विकतच घेऊ. झालं, त्यानंतर सर, मी आणि कैलाश असे आम्ही तिघं गावोगाव जुन्या फोर्कलिफ्ट बघत हिंडायला लागलो.

कैलाश आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा. सांवेर तहसीलमधल्या एका खेड्यातला, चाळिशीचा, हसरा माणूस. कंपनीची जीप पण तोच चालवायचा. जीपमध्ये गाणी म्हणायचा, आणि सरांना त्याच्या गाण्यात पण खोट दिसायची. "कैलाश, अंतरा ग़लत है." तो म्हणायचा, "सर, बैठा तो सही बैठा है न?" मशीन नसल्यामुळं त्याला हम्मालांबरोबर पोती वाहायला लावलं होतं. पाठ धरून बसायचा बिचारा. सेठजींनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, मशीन आली तर तू ड्रायव्हर, नाही आली तर हम्माल.

देवासची मशीन सरांनी नापास केली. पीथमपूरची केली. उज्जैनची तर जीपमधून उतरायच्या आधीच केली, लांबूनच म्हणाले की वाकडी उभी आहे. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आलेला. सेठजी मला रोज विचारायचे, "मैडम, आपके सर को मशीन ख़रीदनी है या मशीन की कुंडली मिलानी है?"

मग मानपूरचा निरोप आला.

आग्रा-बॉम्बे रोडवर मानपूरच्या जरा अलीकडे एक बंद पडलेलं गोदाम होतं. मालक चष्मा लावलेला, मवाळ बोलणारा माणूस, धंदा बसल्यामुळं सगळं विकून मोकळा होत होता. आम्ही पोचलो तेव्हा मशीन बाहेर उभी होती, पिवळी जर्द, नुकती धुतलेली. कैलाशनं तिला बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. सर सरळ गेले आणि इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

"इसको अभी चलाया है?"

"बस थोड़ा-सा घुमाया, सर. आप आ रहे थे तो."

"ठंडी होने दो."

सरांचं म्हणणं असायचं की गरम मशीन सगळ्यांचीच चालते, खरी गोष्ट थंड मशीन सांगते. म्हणून आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या ढाब्यावर जाऊन बसलो. ट्रकमागून ट्रक चालले होते, धूळ उडत होती. मी आणि कैलाशनं शेव-टमाटरची भाजी घेतली. सरांनी पाण्याचा पेला उजेडात धरून बघितला आणि खाली ठेवला.

कैलाश जेवता जेवता म्हणाला, "सर, अबके हाँ कर दो. भौत हो गया. हम्माली में मेरी कमर चली गई. रात को करवट नी ली जाती."

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "देखते हैं."

कैलाशनं मला कोपर मारल्यासारखं केलं. "मैडम, सर ने देखते हैं बोला. मतलब आधी हाँ हो गई!"

आम्ही हसलो. सर पण थोडे हसले. त्यांना ती मशीन पास करायचीच होती, हे मी शपथेवर सांगते. इतका वेळ त्यांनी दुसऱ्या कुठल्याच मशीनला दिला नव्हता. थंड झाल्यावर चालू केली, एका फटक्यात चालू झाली. चादर अंथरून खाली गेले, बराच वेळ खालीच होते. कैलाशनं काट्यांवर वजन घेतलं, वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. सर कमरेवर हात ठेवून बघत राहिले, काटे हळूहळू खाली येतात का म्हणून. नाही आले. कैलाश वरून ओरडला, "सर, टस से मस नी हो री!"

मग सरांनी एक स्टूल मागवलं. वजन उतरवायला लावून, स्टुलावर चढून, काटे ज्या उभ्या खांबांवरून वरखाली होतात त्यांच्या मागच्या बाजूला टॉर्च मारली. तिथं चेन जिथं अडकवलेली असते त्या लोखंडी कानावर नख घासलं. नखाखाली पिवळा रंग आला. अजून घासलं. मग टॉर्च बंद करून खिशात ठेवली आणि स्टुलावरून उतरले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी मागे बसले होते, कैलाश चालवत होता. "हॉर्न बसलाय. सीट फाटलीय, आतली स्प्रिंग टोचेल. मागचा एक टायर जास्त घासलाय. मीटर बदललेलं आहे, चाललेले तास खोटे दाखवतंय. चेनचा एक कान तुटून वेल्डिंग केलेला आहे, वर ताजा रंग मारलाय. आरसा नाही. बॅटरी ट्रॅक्टरची आहे. नको घ्यायला."

कैलाशला मराठी चांगलं समजायचं. त्यानं गाणं बंद केलं. इंदूर येईपर्यंत परत सुरू केलं नाही.

सेठजींच्या केबिनमध्ये सरांनी हेच सगळं परत सांगितलं, याच क्रमानं, हिंदीत. हॉर्न, सीट, टायर, मीटर, कान, आरसा, बॅटरी. सेठजी खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांना हसू यायला लागलं. म्हणाले, "सर, बुरा मत मानना. आपने आख़री बार हाँ कब बोला था?"

सर विचार करायला लागले. खरोखर आठवायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं आणि मला बघवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "याद नहीं."

"तो फिर?" सेठजी म्हणाले.

मी मध्ये पडले. म्हटलं, सेठजी, बाकी सगळं सोडा, पण ते चेनचं वेल्डिंग गंभीर आहे. ते म्हणाले, "करवा लेंगे, मैडम. आने तो दो." आणि मशीन आली.

कैलाशनं तिला झेंडूचा हार घातला, लिंबू-मिरची बांधली, सगळ्यांना पेढे वाटले. सर तिथं आले. पेढा त्यांनी हातात धरून ठेवला. कैलाशला म्हणाले, "वो हॉर्न बदल ले. सीट ठीक करवा. चेन का कान नया लगेगा, तब तक ज़्यादा ऊपर मत उठाना. आईना लगवा."

"जी सर, जी सर."

हॉर्न आणि सीट त्याच्या हातातलं होतं. त्यानं स्वतः जाऊन जुन्या बाजारातून हॉर्न आणला, सीट शिवून घेतली, आरसा बसवला आणि सरांना बोलावून दाखवलं. लहान पोरासारखा खूष होता. "देखो सर, सब कर दिया आपने जो बोला था. बस वो चेन वाला रै गया." चेनचं मी सेठजींकडे पुन्हा पुन्हा काढत राहिले. हंगाम संपू दे, म्हणायचे. मशीन एक दिवस पण थांबवता येणार नव्हती, बाहेर ट्रकांची रांग लागलेली असायची.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, मी माझ्या टेबलाशी होते. गोदामाकडून असा आवाज आला जसं भांड्यांनी भरलेलं कपाट कोसळावं, आणि मग एकदम शांतता. त्या शांततेनंच मला उठवलं.

वर उचललेल्या थप्पीतलं एक पोतं सरकत होतं म्हणून कैलाश खाली उतरून ते ढकलायला गेला होता. कान तुटला, चेन सुटली आणि काटे पोत्यांसकट एका बाजूनं खाली आले. त्याचा उजवा पाय खाली होता.

हम्माल पोती ओढून काढत होते. सर माझ्या आधी पोचले होते. फरशीवर बसून त्यांनी कैलाशचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत होते. मशीन त्यांच्या डोक्याशी वाकडी उभी होती. त्यांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. टॉर्च खिशात होती, तशीच राहिली. कैलाश शुद्धीवर होता. "सर, पाँव है के नी?" एवढंच विचारत होता. सर म्हणत होते, "है, है." दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

चौकशीला सरकारी साहेब आले, तरुण होते, नीट वागले. सेठजींच्या केबिनमध्ये बसले. सेठजी म्हणाले, हमारे सर ने मशीन देखी थी, इनको तीस साल का अनुभव है. मला वाटलं, बरं झालं, आता सर सांगतील. मी बाजूलाच उभी होते, साक्ष द्यायला तयार होते. साहेबांनी सरांना विचारलं, "आपने मशीन पास की थी?"

"नहीं. मैंने मना किया था."

सेठजींचा चेहरा उतरला. साहेबांनी मान वर केली. "क्या कहके मना किया था?"

 सर म्हणाले, "हॉर्न ख़राब है, कहा था. सीट फटी है, कहा था. कान का भी कहा था. पर मैं सबको मना करता हूँ, साहब. हर मशीन को. इनको कैसे समझता?"

साहेब गोंधळले. सेठजींनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. मी म्हटलं, "साहब, मेरे सामने चेन का बोला था, मैंने भी बोला था." ते त्यांनी टिपून घेतलं. पण सरांच्या त्या वाक्यानंतर सगळ्या गोष्टीतली हवाच गेली होती. सेठजींना काय शिक्षा व्हायची ती थोडीफार झाली, कैलाशला काहीतरी मिळालं, सेठजींनी त्याला गेटवर बसायचं काम देऊ केलं. तो आला नाही. गावी गेला.

बाहेर आल्यावर मी सरांवर चिडले. "असं कशाला बोललात तुम्ही? नाही म्हटलं होतं, एवढंच बोलायचं होतं न!"

"मॅडम," सर म्हणाले, "मी जर बाकी कशाला तरी हो म्हटलं असतं, तर ते माझं नाही कोणाला तरी ऐकू आलं असतं."

मशीन ताडपत्रीखाली पडून होती. मग सेठजींनी नवा कान लावला असं सांगितलं, परत पिवळा रंग मारला आणि धुळ्याकडच्या कोणाला तरी विकली. ट्रकवर चढवत होते तेव्हा सर गेटपाशी जाऊन उभे राहिले. नेणाऱ्याच्या माणसानं सहज विचारलं, "साहब, मशीन कैसी है?"

मी खिडकीतून बघत होते, आवाज येत होता. सरांनी एक मोठा श्वास घेतला. इतर कशाचंही नाव घेतलं नाही. "चेन देखो," म्हणाले. "और कुछ मत देखो. जहाँ चेन अटकी है, वो देखो." त्यांचा आवाज चढला होता. मी तो चढलेला पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी त्या माणसाचा हात धरला होता.

तो माणूस म्हणाला, "हाँ हाँ, देख ली साहब." आणि हात सोडवून घेऊन ट्रकमध्ये बसला.

त्या आठवड्यात सरांनी नोकरी सोडली.

दर रविवारी ते कैलाशला भेटायला त्याच्या गावी जायला लागले. सकाळी सुदामा नगरहून निघायचे, सांवेरची बस, पुढं मिळेल ते. त्या बसचे ब्रेक, टायर, काही बघायचे नाहीत म्हणे, सरळ चढून बसायचे. काकूंना काळजी वाटायची, म्हणून एका रविवारी मी बरोबर गेले.

गव्हाची शेतं हिरवी झाली होती. कैलाश अंगणात खाटेवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. तो आम्हाला बघून हसला, पण त्याची बायको आत निघून गेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. सर नुसते बसून होते, हात गुडघ्यांवर. कैलाशला त्यांचं ते बसणं सहन होत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्याला सरांचं सांत्वन करायचं होतं. म्हणाला, "सर, आप क्यों जी जलाते हो? आपकी कोई ग़लती नी है. आपने तो ना बोली थी. वो तो मैंने ही नी मानी. मैंने सोचा, सर तो सबको ना बोलते हैं, मेरी शादी के लड्डू को भी ना बोली थी." आणि तो हसला. मनापासून हसला, जसं आम्ही सगळे हसायचो.

सर हसले नाहीत. रडले पण नाहीत. कैलाशची बायको चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला आणि पहिल्यांदाच सरांशी बोलली, पदर पुढं ओढून, "साब, एक बात बोलूँ? अब मत आया करो. आप आते हो तो इनको दो दिन नींद नी आती. बच्चे पूछते हैं, वो मशीन वाले साब फिर आए थे क्या."

"अरे," कैलाश म्हणाला. पण थांबवलं नाही तिला.

सरांनी कप उचलला. आत बघितलं नाही, उजेडात धरला नाही. सगळा चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि तिला म्हणाले, "चाय बहुत अच्छी है."

इतक्या वर्षांत कशाला तरी चांगलं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, कैलाशच्या मनात तसं काही नव्हतं, सर. म्हणाले, "हो." गाडी फार हलतेय का, खिडकी बंद करू का, उन्हात बसताय, जागा बदलू का. सगळ्याला "हो." जागा मात्र बदलली नाही. तिकडं परत ते गेले नाहीत.

मीही नंतर ती नोकरी सोडली. आता ज्या कंपनीत आहे तिथंही एक जुनी फोर्कलिफ्ट घ्यायची आहे. गेल्या महिन्यात मी सुदामा नगरला गेले. मनात होतं, सरांना बरोबर घेऊन जावं. निदान चादर अंथरून ते परत एकदा खाली गेले तर बरं वाटेल, त्यांना आणि मलाही.

सर ताटावर बसले होते. मला बघून खूष झाले. मी मशीनचं सांगितलं, कुठली आहे, किती जुनी आहे, मालक काय म्हणतो. ते मान डोलवत राहिले.

"चांगली आहे," म्हणाले. "घेऊन टाका."

"सर, तुम्ही बघितली पण नाही अजून."

"चांगलीच असेल, मॅडम. तुम्ही बघितली न?"

मी काकूंकडे बघितलं. त्या सरांच्या समोर बसल्या होत्या. ताटात काकडीच्या चकत्या होत्या. काकूंनी मला पण एक दिली. मी तोंडात घातली आणि बाहेर काढावी लागली, इतकी कडू. जीभ आखडली. सर मात्र एकेक चकती घेऊन सावकाश खात होते.

"कडू आहे हो ती," काकू म्हणाल्या.

"चांगली आहे," सर म्हणाले.

काकूंनी ताट आपल्याकडे ओढलं. "सकाळी दूध नासलेलं होतं, तेही प्यायले. पंख्यातून काल ठिणगी उडाली, तर म्हणे चांगला आहे. मी बघतेय मुद्दाम काय काय वाढून."  सरांच्या मनगटाला धरून त्या म्हणाल्या, "अहो, एकदा तरी नाही म्हणा."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. अगदी आज्ञाधारकपणे, शाळेतल्या मुलानं बघावं तसं.

"हो," म्हणाले.